भाईंचा शजरा

शजरा म्हणजे झाड. अरबीतून उर्दूत आलेला हा शब्द मराठी वाचकाला 'वंशावळ' म्हणून सांगितला तर काम भागते, पण पुरता अर्थ त्यात उतरत नाही. दर्ग्यांच्या आणि खानकाहांच्या दुनियेत शजरा म्हणजे एकाखाली एक लिहिलेली नावे. कोणत्या पिराने कोणाला खिलाफत दिली, त्याच्यामागे गादीवर कोण बसला, याची ती नोंद. आणि जिथे शजरा आला तिथे भांडणही आलेच. हक्क थोरल्या मुलाचा की आवडत्या मुरिदाचा? रक्ताचा की सेवेचा? आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि भाषा शिकवतो, तेव्हा ही भांडणे आमच्या पोटापाण्याचाच भाग. १६५७ साली शहाजहान आजारी पडला आणि चार भाऊ तख्तासाठी एकमेकांवर उठले. पेशवाईत नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादाला बाजूला सारून बारभाईंनी कारभार हाती घेतला. 'बारभाई' हा शब्द फळ्यावर लिहिला की शेवटच्या बाकांवर हसू फुटते. आमच्या मुलांच्या लेखी 'भाई' या शब्दाचा अर्थ एकच आहे.

आमची शाळा डोंगरीपासून पायी दहा मिनिटांवर. एवढे सांगितले की मुंबईच्या वाचकाला पुढचे काही सांगावे लागत नाही आणि हेच आमचे दुखणे आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्हाला असाच एक शजरा सापडला. पट्टीने रेघा मारलेल्या, चौकोन आखलेले. सर्वांत वर करीम लाला. त्याच्याखाली हाजी मस्तान आणि वरदराजन. त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत दाऊद. तिथून झाडाला दोन फांद्या फुटलेल्या: एकीकडे छोटा शकील, दुसरीकडे छोटा राजन. पहिल्या फांदीवर हिरव्या पेनाने 'मुस्लिम' आणि दुसरीवर लाल पेनाने 'हिंदू'. इतका नेटका तक्ता या मुलाने मोगल घराण्याचाही कधी काढला नव्हता. वर्गात त्यावर दोन तट पडलेले होते. मस्तान लालाच्या वर हवा, असे काहींचे म्हणणे. शेवटी प्रकरण आमच्यापर्यंत आले, "सर, आपही बताओ, असली भाई कौन था?"

स्टाफरूममध्ये सल्ले मिळाले. वही फाडा, बापाला बोलवा, तब्लीगवाल्यांच्या हवाली करा. आम्ही यातले काही केले नाही. मुलाने तक्ता चुकीचा काढला तर मास्तराने तो दुरुस्त करावा, एवढेच आम्हाला बी.एड.ला शिकवले होते. शिवाय ही चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती. वर्तमानपत्रांनी, सिनेमांनी आणि पोलीस ठाण्यांतल्या कागदांनी गेली कित्येक वर्षे हेच झाड रंगवले आहे. तेव्हा आम्ही खडू घेतला आणि वरच्या चौकोनापासून सुरुवात केली.

करीम लाला, म्हणजे अब्दुल करीम शेर खान, अफगाणिस्तानच्या कुनार भागातून आलेला पठाण. त्याचा आणि त्याच्या माणसांचा धंदा व्याजाने पैसे देण्याचा, बुडीत पैसे वसूल करण्याचा आणि भाडेकरूंकडून जागा खाली करून घेण्याचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जुन्या आकड्यांवर गोठवली. घरमालकाला भाडेकरू परवडेना आणि कोर्टातून तो निघेना, तेव्हा मालकाला दारात उभा राहणारा धिप्पाड पठाण हवासा वाटू लागला. वरदराजन मुदलियार हा व्हीटी स्टेशनवरचा हमाल. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्याचे नशीब काढले. धारावी, माटुंगा, अँटॉप हिल या भागांत हातभट्टीच्या दारूवर त्याचे राज्य उभे राहिले. मस्तान मिर्झा रामनाथपुरम जिल्ह्यातला, गोदीत हमाली करणारा. सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते म्हणून चोरट्या सोन्याला भाव होता आणि त्या भावावर मस्तान मोठा झाला. सरकारने एक एक दार बंद करावे आणि त्या प्रत्येक दाराशी एक एक माणूस उभा राहावा, असा हा प्रकार.

मग या तिघांत वरचा कोण? खरे उत्तर असे की वर-खाली असे काही नव्हतेच. मस्तानकडे पैसा होता. हाणामारी करणारी फौज नव्हती. माल उतरवायला, लपवायला आणि राखायला तो लालाची आणि वरदाची माणसे वापरी आणि त्याचे दाम मोजी. हे नाते गिऱ्हाईक आणि ठेकेदाराचे होते. त्यातला एक पठाण मुसलमान, एक तमिळ मुसलमान आणि एक तमिळ हिंदू. मस्तानला लालाशी जोडणारा धर्म होता, तर वरदाशी जोडणारी भाषा होती. माटुंग्याला वरदाचा गणपती थाटात बसे. आणीबाणीत मस्तान तुरुंगात गेला, बाहेर आल्यावर जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तस्करी सोडल्याची शपथ त्याने घेतली आणि पुढे दलित-मुस्लिमांच्या नावाने राजकारण करून पाहिले. वरदराजन १९८८ साली मद्रासला वारला, मस्तान १९९४ साली, लाला २००२ साली. तिघांपैकी कोणीही आपली गादी कोणाला दिली नाही. द्यायला गादी होती कुठे? वरदराजनच्या आयुष्याशी नाते सांगणारा 'नायकन' १९८७ साली आला, आणि पडद्यावर एकच नायक मावतो हे खरे. आमच्या मुलांनी शहराचा इतिहास पडद्यावरच वाचला आहे.

इथे भाषेच्या मास्तराला एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या म्होरक्यांच्या पदव्या पाहा: लाला, अण्णा, दादा, भाई, मामा, डॅडी, आपा. एकही पदवी राजाची किंवा सेनापतीची नाही. सगळी घरातली नाती, आणि प्रत्येक जमातीने आपल्या भाषेतले नाते दिलेले. पोराला जो बापाच्या जागी वाटावा त्याला बापाचे नाव. पोरे कुठून येत होती हे यावरून कळते.

दुसऱ्या पिढीत नेतृत्वाचा प्रश्न खरोखर उभा राहिला, आणि तो प्रथम उभा राहिला मुसलमानांच्या आपसांत. दाऊद इब्राहिम कासकर कोकणी मुसलमान, बाप मुंबई पोलिसांत हवालदार. पठाणांच्या टोळीत तोवर लालाचे नाव चालत होते, पण पोरे चालत होती ती लालाचा पुतण्या समद खान, अमीरजादा आणि आलमजेब यांच्या इशाऱ्यावर. ज्याचे नाव चालते तो म्होरक्या की ज्याची पोरे चालतात तो? मुलांना आम्ही हा प्रश्न फळ्यावर लिहून दिला. उत्तरकाळातल्या मोगल बादशहांनाही तो लागू पडतो. लाला म्हातारा, मान असलेला, पंचायती मिटवणारा. पण त्याने मिटवलेले पुतण्याला मान्य नसे. १२ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा थोरला भाऊ साबीर याचा खून झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मारेकरी अमीरजादा आणि आलमजेब, आणि त्यांच्या जोडीला कीर्ती कॉलेजात शिकलेला मन्या सुर्वे. पुढच्याच जानेवारीत मन्या वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. १९८३ साली अमीरजादाला भर कोर्टात गोळी घातली ती डेव्हिड परदेशी नावाच्या पोराने, आणि ते काम जमवून दिले चेंबूरच्या बडा राजनने. काही आठवड्यांत बडा राजनही कोर्टाच्या दारातच मारला गेला. १९८४ साली समद गेला. मोमिनाने मोमिनाला मारायचे आणि सुपारी घ्यायला हिंदू आणि ख्रिस्ती पोरे! या सगळ्यात हिरवे आणि लाल पेन कुठे वापरायचे, असे आम्ही त्या मुलाला विचारले. तो गप्प राहिला.

आता गिरण्यांकडे वळायला हवे, कारण झाडाची एक मोठी मुळी तिथे आहे आणि मुलाच्या तक्त्यात तिचा पत्ताच नव्हता. आमचे नाना मदनपुऱ्याचे. बिरादरीतल्या बहुतेकांसारखे तेही गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला. नाना परत साच्यावर उभे राहिले नाहीत. मोहल्ल्यात टोप्या आणि अत्तर विकून त्यांनी उरलेले दिवस काढले. त्यांच्या ओळीतल्या कोणाची पोरे आखातात गेली, कोणाची भिवंडीला यंत्रमागावर, आणि कोणाची 'कामाला' लागली. हा शब्द नाना असा उच्चारत की पुढे विचारायची सोय नसे. सात रस्त्यापासून भायखळ्यापर्यंतच्या मराठी चाळींतही हेच घडत होते. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची टोळी तिथलीच. तिघांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीआरए म्हणू लागले. तिचे आणि दाऊदचे सुरुवातीला सख्य होते.

या टोळीचे नेतृत्व कसे ठरले? मरणाने. बाबू रेशीमला १९८७ साली जेकब सर्कलच्या कोठडीत घुसून मारले. मग एका जमिनीवरून रमा नाईक आणि शरद शेट्टी यांच्यात वाद झाला. शरद शेट्टी दाऊदचा माणूस, आणि न्याय करायला बसला दाऊदच. निकाल शेट्टीच्या बाजूने गेला. १९८८ साली चेंबूरला पोलिसांच्या गोळीबारात रमा नाईक मेला. खबर दाऊदनेच दिली असे गवळीच्या मनाने घेतले, आणि तिथून दगडी चाळ आणि दुबई यांचे वैर सुरू झाले. ब गेला, र गेला, अ उरला. मुलाच्या तक्त्यात गवळी नव्हता, कारण विचारले तर म्हणाला, "सर, वो लाइन में नहीं आता." लाइन म्हणजे वारसाहक्क. शेजारच्या नाईकांच्या टोळीत मात्र वारसा चक्क रक्ताचा निघाला. अमर नाईक १९९६ साली चकमकीत मारला गेला आणि त्याचा इंजिनियर भाऊ अश्विन, जो १९९४ साली कोर्टाच्या आवारात गोळी लागून अपंग झाला होता, तो चाकाच्या खुर्चीवरून टोळीचा प्रमुख म्हणून ओळखला जाऊ लागला.

टोळीची रचना कशी असते याविषयी आमच्या मुलांच्या कल्पना फौजेच्या आहेत. वर सेनापती, खाली सरदार, खाली शिपाई. मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला दिसते ते वेगळेच. गल्लीतला एक जण थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्याभोवती त्याच गल्लीतली चार-पाच पोरे. त्या पोरांना आपल्यावर कोण आहे तेवढेच ठाऊक; त्याच्याही वर कोण, हे फक्त फोनवरचा आवाज. एक जण खबर काढतो, एक फिल्डिंग लावतो, एक घोडा पोचवतो, एक तो चालवतो, आणि यांतल्या दोघांची कधी भेटही झालेली नसते. पैशाचे हिशेब पेटी आणि खोक्यात, म्हणजे लाखात आणि कोटीत. पण चालवणाऱ्याच्या हाती पडते ती हजारांची नोट. तुरुंगात गेला तर वकील मिळेल आणि घरी महिन्याचे पैसे पोचतील, हाच त्याचा खरा पगार. तो पोचणे बंद झाले की पोरगा दुसऱ्या आवाजाचा फोन उचलतो. टोळी फुटली असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते. अशा रचनेत 'प्रमुख कोण' याचे उत्तर जो तो आपल्या पायरीवरून देतो. गल्लीतल्या पोराला त्याचा भाईच प्रमुख. दुबईतल्या किंवा कराचीतल्या माणसाला ती गल्ली कदाचित नावानेही माहीत नसेल.

आता त्या दोन फांद्यांविषयी. त्यांच्यासाठीच तर हा लेख लिहायला घेतला.

चेंबूरच्या टिळकनगरचा राजेंद्र सदाशिव निकाळजे हा बडा राजनचा कोणी नातलग नव्हता. उस्तादाच्या मरणानंतर त्याने टोळी घेतली आणि नावही घेतले: छोटा राजन. पीर गेल्यावर खलिफाने नाव चालवावे तसे. मग तो दाऊदकडे गेला, दुबईला पोचला आणि उजवा हात झाला. जुलै १९९२ मध्ये दाऊदची बहीण हसीना हिचा नवरा इस्माईल पारकर नागपाड्यात मारला गेला, मारणारे गवळीचे. १२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री जे.जे. इस्पितळात घुसून सूड घेतला गेला. शैलेश हळदणकर खाटेवर मारला गेला आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही प्राणाला मुकले. दाऊदच्या मेहुण्याचा बदला घ्यायला गेलेल्यांत नावे होती सुनील सावंत आणि सुभाषसिंह ठाकूर यांची. बाबरी मशीद पडायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.

त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मग १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू. त्या वेळी आम्ही अम्मीच्या मांडीवर होतो. स्फोटांची दारू रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली. चांदी उतरवायची जी यंत्रणा होती, तीच होडी, तीच माणसे, तीच लाच. खटल्यात १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले आणि त्यांत कस्टम आणि पोलीस खात्यातलेही होते. मशिदीच्या सूडासाठी म्हणून जे केले गेले त्याने मशिदीच्या सावलीत राहणाऱ्यांचे किती भले झाले, ते पुढची तीस वर्षे आम्ही पाहत आहोत.

छोटा राजनचे म्हणणे असे की या स्फोटांमुळे आपण दाऊदला सोडले. या एका वाक्याने त्याला 'देशभक्त डॉन' आणि 'हिंदू डॉन' केले. मुलाच्या वहीतले लाल पेन इथूनच आले. पण तारखा लावून पाहिल्या तर चित्र डळमळते. स्फोटांनंतरही तो लगेच निघाला नव्हता. दरबारात त्याचे आणि छोटा शकीलचे, तसेच शरद शेट्टी आणि सुनील सावंत यांचे बिनसणे स्फोटांआधीचे होते. मुख्य कारभारी कोण, कोणाचा शब्द शेठच्या कानी आधी पडतो, वसुलीचा वाटा कोणाकडे जातो, हा तो वाद. म्हणजे आपल्या ओळखीचाच, नानासाहेब आणि भाऊसाहेबांच्या दरबारात शोभावा असा. फूट पडल्यावर सगळे हिंदू राजनकडे आणि सगळे मुसलमान शकीलकडे गेले असेही झाले नाही. सुनील सावंत दाऊदबरोबर राहिला आणि १९९५ साली दुबईत मारला गेला. शरद शेट्टीही राहिला आणि २००३ च्या जानेवारीत दुबईतच मारला गेला. उलट टिळकनगरचा फरीद तनाशा राजनचा विश्वासू होता आणि २०१० साली त्याच टिळकनगरात त्याचा खून झाला. राजनच्या माणसांनी स्फोट खटल्यातल्या काही आरोपींना मारले, हे खरे. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण ११ जून २०११ रोजी पवईत ज्योतिर्मय डे या पत्रकाराला मारण्यात कोणती देशभक्ती होती? त्या खुनासाठी २०१८ साली राजनला जन्मठेप झाली.

शिवाय दोन्ही फांद्या पुढेही फुटतच राहिल्या. राजनपासून गुरू साटम, रवी पुजारी वेगळे झाले. आझमगडच्या सरायमीरचा अबू सालेम शकीलशी बिनसून निघाला आणि पोर्तुगालहून २००५ साली बेड्या घालून परत आणला गेला. धर्माने फूट पडली म्हणावे तर एकाच धर्माची माणसे का फुटली? आणि कराचीच्या घरातही प्रश्न तोच जुना: सख्खा भाऊ अनीस मोठा की परका असून कारभार पाहणारा शकील मोठा? रक्त की सेवा? आमच्या खानकाहांतले भांडण तिथेही.

हे सगळे फळ्यावर झाल्यावर एका मुलाने विचारले, "मग सर, पेपरवाले हिंदू-मुस्लिम का लिहितात?" उत्तर सोपे आहे, पण नववीच्या वर्गात पूर्ण देता येत नाही. गुंतलेल्या धाग्यांपेक्षा दोन रंग लवकर वाचता येतात. त्या दोन रंगांनी म्होरक्यांची सोय झाली, कारण हप्तेखोराला अचानक एक कौम मिळाली, जिचा तो रक्षक म्हणवू शकत होता. राजकारण्यांचीही सोय झाली. गैरसोय झाली ती फक्त ज्यांच्या नावाने हे चालले त्यांची. भायखळ्याचा मराठी दुकानदार हप्ता देत होता, मोहम्मद अली रोडचा मेमन व्यापारीही देत होता. टोळीच्या नावाला धर्म होता. हप्त्याच्या पावतीला नव्हता.

कायद्यालाही शजरा लागतो. १९९९ साली मोक्का आला. त्याच्या व्याख्येप्रमाणे दोन माणसांचीही टोळी होऊ शकते. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे असावीत ही अट आहे खरी. पण ती दोषारोपपत्रे टोळीविरुद्ध असली की पुरे, प्रत्येक सदस्याविरुद्ध असण्याची गरज नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले. म्हणजे म्होरक्याची कुंडली गल्लीतल्या नव्या पोराच्या नावाला जोडता येते. संघटित गुन्हेगारीला दुसऱ्या कोणत्या मार्गाने हात घालता आला असता हे आम्ही सांगू शकत नाही. साक्षीदार बोलायला तयार नसत, हे आम्ही मोहल्ल्यातच पाहिले आहे. आम्ही एवढेच पाहतो की झाडाचा तक्ता कोण काढतो आणि त्यात कोणाचे नाव कुठे लिहितो, यावर एका एकोणीस वर्षांच्या पोराची दहा वर्षे अवलंबून असतात. वहीतल्या तक्त्याकडे आम्ही हसून पाहिले नाही, त्याचे हे कारण.

नावाची किंमत कशी ठरते याचा एक नमुना पाहा. खेड तालुक्यातल्या मुंबके गावी कासकरांची वडिलोपार्जित जमीन होती. तस्करांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली सरकारने ती जप्त केली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचे तुकडे लिलावात काढले. १७० चौरस मीटरच्या एका शेतजमिनीच्या तुकड्याची सरकारी किंमत होती १५ हजार ४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर! कोकणातल्या त्या मातीत इतके भाताचे पीक सात जन्मांत निघणार नाही. सातबाऱ्यावरच्या एका नावाचे ते दाम होते.

आमच्या बाजूला मात्र हे नाव उलट्या भावाने चालते. बी.एड.च्या सराव पाठांसाठी आम्हाला उपनगरातल्या एका शाळेत पाठवले होते. पहिल्या दिवशी ओळख करून देताना डोंगरी म्हटल्यावर एका ज्येष्ठ शिक्षकांनी हसत विचारले, "म्हणजे तुमची वर ओळख असणार!" सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढे महिनाभर त्या स्टाफरूममध्ये कोणाचे काही हरवले की आमच्याकडे पाहून तोच विनोद व्हायचा. भाड्याचे घर शोधताना, बँकेत अर्ज भरताना, मुलीच्या सोयरिकीत, पिनकोड वाचल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येते ते आम्ही सगळे ओळखतो. आणि आमच्यातलीच काही पोरे त्याच पिनकोडची ऐट मिरवतात, हेही ओळखतो. दुसऱ्याने हिणवले म्हणून चिडायचे आणि टपरीवर उभे राहून त्याच नावाचा दरारा दाखवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला एकाच दिवशी करताना आम्ही पाहिले आहे.

गेल्या जूनमध्ये दहावीचे दाखले देण्याचे काम आमच्याकडे होते. एक आई आली. शिवणकाम करणारी बाई, मुलाला ७८ टक्के. त्याला उपनगरातल्या कॉलेजात सायन्सला घालायचे होते. बराच वेळ बाकावर बसून राहिली, इतर पालक गेल्यावर टेबलाजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, दाखल्यावर पत्ता इथला नको. माझा भाऊ कुर्ल्याला असतो, त्याचा घालता येईल का?" आम्ही दाखल्याचा नमुना तिच्यासमोर धरला. त्यात आईचे नाव असते, मातृभाषा असते, धर्म असतो, जन्मतारीख असते, शाळा सोडण्याचे कारण असते. राहत्या पत्त्याचा रकाना त्यात नाही. तिला मराठी वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही एकेक रकाना वाचून दाखवला. जन्मस्थळ मुंबई. वर्तणूक चांगली. तिने तो कागद दोनदा घडी करून पिशवीत ठेवला आणि झेरॉक्स कुठे स्वस्त मिळेल ते विचारून गेली.